झाडं नकोत म्हणताना

जुलै २०१९. राज्यभर ३३ कोटी वृक्षलागवडीची धामधूम चालू होती. सकाळीच मेंढपाळ अण्णांचा फोन आला. चराईबंदीवरून रुसलेले अण्णा माझ्याशी धड बोलतही नव्हते, तेच आज म्हणत होते, "साहेब, गायरानात खड्डं काढाय लागल्यात. बिगी बिगी या."

गायरान सोलापूर जिल्ह्यातलं. कागदावर गायरान, लोकांच्या तोंडी पडीक. माझं काम गवताचं. वेडी बाभूळ मुळासकट उपटून आम्ही तिथं मारवेल आणि पवन्या या गवतांचं बी टाकलं होतं. पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत चराई बंद, बी झडल्यावर कापणी, मग मेंढरं, असा ग्रामसभेचा ठराव होता. सुरुवातीला नुसती कुसळी माजली. तिची टोकं लोकरीत शिरतात, कातड्यात रुततात, त्यामुळे अण्णांचा राग काही उगाच नव्हता. हळूहळू मारवेल धरला, तसे चंडोल, लावे आणि हिवाळ्यात भोवत्या ससाणे दिसू लागले. माळढोक परत येईल, असं मात्र मी गावाला कधी सांगितलं नाही. त्याच्यासाठी १९७९ मध्ये नान्नजचं अभयारण्य झालं, आणि आता तिथंही तो दिसला की बातमी होते.

पोहोचलो तर फक्कीच्या रेघा मारून झाल्या होत्या. ट्रॅक्टरचं ड्रिल दोन ओळी पुरं करून तिसरीला लागलेलं. ट्रॉलीत गिरीपुष्प आणि करंजाची रोपं, बाजूला शाळेची पोरं घोषणा देत उभी. सरपंच हसत पुढे आले. "या या, पहिलं झाड तुमच्याच हातानं लावू."

"सरपंच, इथं झाडं नकोत."

पोरांच्या घोषणाही थांबल्या. पर्यावरणाचं काम करणारा माणूस झाडाला नाही म्हणतो, हे गुरुजींनाही पचेना.

तिसऱ्या ओळीच्या टोकाला डोंबारी चंडोलाचा नर घिरट्या घालत होता. उंच चढायचा, पंख मिटून सरळ खाली यायचा आणि जमीन लागायच्या आत पुन्हा वर. मी सरपंचांना तिकडे नेलं. पायाजवळून मादी उडाली. गवताच्या बुडख्याशी, मातीत अर्धी रुतलेली काड्यांची वाटी होती, काठाला बारीक खडे मांडलेले, आत ठिपकेदार दोन अंडी. फक्कीची रेघ वीतभर अंतरावरून गेली होती.

सांगितलं, ही पाखरं भुईवरच अंडी घालतात. उद्या झाड मोठं झालं की कावळ्याला बसायला जागा होईल आणि वरून त्याला सगळं दिसेल. सावलीत मारवेलही टिकणार नाही.

"ते खरं हो," सरपंच म्हणाले, "पण दोन अंड्यांपायी तालुक्याला काय तोंड दाखवू? वरून उद्दिष्ट आलंय." त्यांचंही चूक नव्हतं. पुढं २०२३ मध्ये देशभरातल्या पक्ष्यांचा अहवाल आला, त्यात माळावरचा राखाडी खाटीक हा पक्षी ८० टक्क्यांहून जास्त घटल्याचं निघालं. तो कागद त्या दिवशी खिशात असता तरी ट्रॅक्टर थांबला असता, असं मला वाटत नाही.

थांबवला अण्णांनी. "सरपंच, अवंदा उन्हाळ्यात जनावरं छावणीत नेऊन बांधली, इसरला का? तवा हितलं कापलेलं गवत कुणाकुणाच्या दावणीला गेलं, नावं घेऊ? ह्या गिरीपुष्पाला शेरडू तरी तोंड लावतंय का?"

२०१८ च्या ऑक्टोबरात सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. त्याची झळ जुलैतही ताजी होती. चाऱ्याचं नाव निघताच मागं उभे असलेले दोघं-तिघं शेतकरी पुढं झाले आणि बोलणं पाखरांवरून वैरणीवर गेलं. तासाभरात ठरलं: रोपं ओढ्याच्या काठाला, शाळेभोवती आणि ज्यांना हवीत त्यांच्या बांधावर. आकडा भरला की झालं. काढून झालेल्या दोन ओळींत मात्र गिरीपुष्प लागलंच, फोटोही तिथंच निघाला.

अण्णांनी फुकट काही केलं नव्हतं. संध्याकाळी पंचायतीत बसून त्यांनी मुरमाड उतार पावसाळ्यातही मेंढरांना मोकळा ठेवायचं कबूल करून घेतलं. "ती तुरुतुरु पळणारी पाखरं चरलेल्या रानातच अस्त्यात, माजलेल्या गवतात न्हाय," म्हणाले. ती पाखरं म्हणजे धाविक, आणि त्यांच्याबद्दल हे अगदी बरोबर आहे. धाविकाला आखूड गवत आणि उघडी भुईच लागते. एखादं घरटं खुराखाली जातं, पण धाविक दरवर्षी त्याच उतारावर असतात. कुसळीवरून आमचं भांडण अजून चालू आहे.