एमपीएफआय नोंदवही, भाग 4: गरम इंजिन, पण ईसीयूला थंडी

गाडी: 4 सिलिंडर पेट्रोल, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर), मॅप सेन्सरवाली (इनटेक मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा सेन्सर). तक्रार तीच: थंड असताना पहिल्या सेल्फला चालू, गरम झाली की आयडलिंग थरथरतं, प्लग काजळीने काळे, डिपस्टिकला पेट्रोलचा वास.

इंधनाचा दाब 3 बार, इंजिन बंद केल्यावर 5 मिनिटांनी 2.6. म्हणजे इंजेक्टर गळत नाहीत. चारही इंजेक्टरच्या कॉइल 14 ओहमच्या आसपास. मॅप सेन्सर चावी ऑन, इंजिन बंद: 95 किलोपास्कल. पुण्याच्या उंचीला हेच यायला हवं. 101 दाखवला असता तर शंका घ्यावी लागली असती. आयडलला 36, तेही ठीक.

ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल मोजत नाही, हे विसरलं की इंजेक्टर उगाच बदलले जातात. मॅनिफोल्डचा दाब, हवेचं तापमान आणि आरपीएम यावरून ती हवेचा अंदाज बांधते आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते ठरवते. (1967 च्या बॉशच्या डी-जेट्रॉनिकचंही तत्त्व हेच, त्यातला ‘डी’ म्हणजे जर्मन ‘ड्रुक’, दाब.) वर थंड इंजिनासाठी जादा पेट्रोल, कूलंट सेन्सर (इंजिनातल्या पाण्याचं तापमान मोजणारा) सांगेल तसं. चोक म्हणा हवं तर.

घोळ तिथेच निघाला. वरचा होज हात लावू देत नाही आणि स्कॅनरवर कूलंट 39 अंश! इंजेक्टर आयडललाच 4.1 मिलिसेकंद उघडा, क्लोज्ड लूप (ऑक्सिजन सेन्सर पाहून ईसीयूने पेट्रोल सुधारत राहणं) लागतच नाही, त्यामुळे ट्रिम, म्हणजे ती सुधारणा, शून्यावर थिजलेला. डॅशबोर्डचा काटा मात्र मध्यावर, कारण त्याचा सेंडर वेगळा.

सेन्सर काढून मोजला: गरम असताना 280 ओहम, निर्दोष. मग कपलरच्या (सेन्सरला वायर जोडणाऱ्या प्लगच्या) दोन पिना तारेने जोडल्या, म्हणजे रोध जवळपास शून्य; या सेन्सरचा रोध जितका कमी, तितकं इंजिन गरम असं ईसीयू धरते. स्कॅनरवर 120 च्या वर उडी यायला हवी होती, आले 47. म्हणजे वाटेत सुमारे 900 ओहम कुठेतरी बसलेत. कपलरचं रबर सोललं तर एका टर्मिनलवर हिरवा गंज, आतली तार दोन-तीन धाग्यांवर तगलेली. चेक इंजिनचा दिवा लागला नाही, कारण 39 हा आकडा ईसीयूला खोटा वाटत नाही. वायर पूर्ण तुटली असती तर उणे 40 दिसून कोड आला असता.

नवं टर्मिनल क्रिंप केलं (दाबून बसवलं), सोल्डर नाही. थरथरीने सोल्डरच्या कडेला तार तुटते. आता कूलंट 88, इंजेक्टर 2.6 मिलिसेकंद, ट्रिम अधिक 2 टक्के.

पंखा इथे वेगळ्या थर्मोस्विचवर आहे, म्हणून इंजिन वाचलं. ज्या गाडीत पंखा ईसीयू चालवते, तिथे हाच कपलर हेड गॅस्केटपर्यंत नेतो.

बाकी: पेट्रोल मिसळलेलं ऑइल आणि फिल्टर बदलणे, प्लग साफ करून 200 किलोमीटरनंतर रंग पाहणे.