आईंचा पाट आणि आमचा नवा ओटा

आमचा फ्लॅट डोंबिवलीतला, १९९४ सालचा, तिसरा मजला, वर अजून एक मजला, लिफ्ट नाही. सासऱ्यांनी घेतलेला. किचन आणि बाथरूम दोन्ही काढायचं ठरलं ते हौस म्हणून नाही, तर खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल आली आणि पावसाळ्यात तिथला रंग पापुद्रे सुटून पडायला लागला म्हणून. बाथरूम फोडायचंच आहे तर ओटाही करून घेऊ, एकदाच काय ती धूळ खाऊ, असं घरात ठरलं. काम होऊन आता पाच महिने झाले, आणि येणारा जाणारा जो तो विचारतो टाइल्स कुठल्या, रंग कुठला, ट्रॉल्या कोणाकडून केल्या. पण आमच्याकडचा सगळ्यात चांगला निर्णय टाइल्सच्या दुकानात झालाच नाही, तो एका लाकडी पाटामुळे झाला, आणि मला तेच सांगायचंय.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, उंचीला चार फूट दहा इंच. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, गॅससमोर एक पाट ठेवलेला असायचा आणि त्यावर उभं राहून त्या स्वयंपाक करायच्या. पोळ्या लाटताना पाटावर, सिंककडे जायचं तर खाली, परत आमटीला फोडणी द्यायची तर पाटावर. दिवसातनं किती वेळा ही चढ-उतार होत असेल ते मी कधी मोजलं नव्हतं, घरातल्या कोणीच मोजलं नव्हतं, तो पाट ओट्याचाच भाग असल्यासारखा तिथे होता. आणि मी पाच फूट पाच इंच, मला त्याच ओट्याच्या सिंकमध्ये कुकर घासताना कंबरेतून वाकावं लागायचं, रात्रीची भांडी झाली की पाठ धरायची. म्हणजे एकच ओटा, एकीला उंच, दुसरीला ठेंगणा.

माप घ्यायला मिस्त्री आले, वयस्कर माणूस, शर्टच्या खिशात खडू. जुना ओटा ३३ इंच भरला. "नवा पण एवढाच धरतो वहिनी, सगळीकडे तेहेतीस-चौतीस असतो," म्हणाले, आणि मग त्यांच्या पायाला पाट लागला. हा इथं कशाला, विचारलं त्यांनी, आईंनी सांगितलं. त्यांनी काही न बोलता पाट उचलला, उभा धरला, टेप लावला. बरोबर तीन इंच. मग आईंना म्हणाले, "आई, जरा जमिनीवर उभ्या राहा आणि लाटणं धरल्यासारखा हात वाकवा." जमिनीपासून कोपरापर्यंत मोजलं, साडेछत्तीस इंच. भिंतीवर खडूनं रेघ मारली, तिच्या खाली दुसरी मारली आणि म्हणाले, गॅसचा ओटा ३० इंच करू. आई लगेच म्हणाल्या, "अहो पण सगळ्यांकडे तर उंच असतो, उद्या घर विकायचं झालं तर?" तर म्हणाले, "आज पोळ्या तुम्ही करताय ना, मग सगळ्यांचं कशाला धरायचं?"

मी त्या दोन रेघांकडे बघतच राहिले. तीस वर्षं त्या बाईंनी ओट्याशी जुळवून घेतलं होतं, ओट्याला त्यांच्याशी जुळवून घ्यायला लावावं हे आम्हाला कोणाला सुचलंच नाही.

मग मी मिस्त्रींकडून सगळा हिशोब समजून घेतला, तो सविस्तर सांगते कारण हा कुठल्याच शोरूममध्ये कोणी सांगितला नाही. भाजी चिरायला, कणीक मळायला ओटा कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली असला की खांदे वर उचलावे लागत नाहीत. पण गॅसचं तसं नसतं, ओट्यावर शेगडी बसते ती चार इंच वर घेते, तिच्यावर कढई, तिचा काठ अजून तीन-चार इंच वर, म्हणजे झारा फिरवायचा हात ओट्याच्या सात-आठ इंच वर चालतो, म्हणून गॅसखालचा ओटा बाकीच्यापेक्षा कमी उंचीचा लागतो. हॉब, म्हणजे ओट्याच्या दगडातच बसणारी शेगडी, बसवणार असाल तर शेगडीची उंची बरीचशी वाचते, मग एवढा उतरवायची गरज नाही. आणि सिंकचं बरोबर उलटं. तिथे काम काठावर होत नाही, तळाशी होतं, आणि तळ आठ इंच खोल, म्हणून सिंकचा काठ उंच हवा. तीन कामं, तीन उंच्या, आणि बिल्डर देतो एकच. आम्ही गॅसची बाजू ३० आणि सिंकची, चिरायची बाजू ३४ केली, एल आकाराचा ओटा असल्यामुळे पायरी बरोबर कोपऱ्यात आली. याचा तोटाही आहे, जड पातेलं सरकवत नेता येत नाही, उचलून ठेवावं लागतं, आणि गॅसखाली ट्रॉलीचा एक खण कमी बसला. मला तो सौदा शंभर टक्के मान्य आहे. नवरा सिंकच्या बाजूला उभा राहून आरामात कांदे चिरतो, आई त्यांच्या बाजूला, कोणी कोणाच्या मध्ये येत नाही.

ओट्याचा दगड काळा ग्रॅनाइट. मला पांढरं क्वार्ट्झ फार आवडलं होतं, दुकानात ते दिसतंच तसं, पण त्यात रेझिन, म्हणजे दगडाची पूड धरून ठेवणारा प्लॅस्टिकसारखा पदार्थ, असतं, हळदीचा डाग बसू शकतो आणि गॅसवरनं उतरवलेली कढई थेट ठेवली तर पृष्ठभाग खराब होतो. आपल्या स्वयंपाकात हळद आणि तापलेली कढई या दोन गोष्टी रोजच्याच. संगमरवर तर लिंबू, चिंच, टोमॅटो पडला की खातोच. आमचा जुना ओटा कडाप्प्याचा होता, तोही चुनखडीचाच दगड, त्यामुळे जिथे लिंबू पिळलं जायचं तिथे पांढुरके ठिपके कायमचे बसले होते. पण कडाप्पा म्हणून सरसकट काढून टाकू नका हे मात्र मी हात जोडून सांगेन. सिंकखालचे आमचे कडाप्प्याचे कप्पे आम्ही तसेच ठेवले, फक्त घासून घेतले. सिंकच्या खाली प्लायवूड कितीही भारी घाला, एक दिवस वेस्ट पाइपचा नट ढिला होणार, दोन दिवस कोणाच्या लक्षात येणार नाही, आणि प्लाय फुगणार. दगडाला काही होत नाही, फडक्यानं पुसलं की झालं.

बाकी ठिकाणी प्लाय घेतलाच, तेव्हा आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का शीटवर स्वतः बघून घेतला. वॉटरप्रूफ आहे असं तोंडानं सगळेच सांगतात, ७१० म्हणजे मरीन ग्रेड, त्याच्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळतात. आयएस ३०३ चा साधा एमआर प्लाय हा नुसता दमटपणा सोसणारा, तो बेडरूमच्या कपाटाला ठीक. ट्रॉलीच्या जाळ्या घेताना दुकानदारानं चुंबक लावून दाखवलं, बघा चिकटत नाही म्हणजे ३०४ ग्रेडचं स्टील. पण २०२ ग्रेडला पण चुंबक चिकटत नाही, आणि २०२ ला ओलाव्यात गंज लवकर लागतो, त्यामुळे ती परीक्षा धरू नका, बिलावर ग्रेड लिहून घ्या. प्लगचं एकच सांगते, आत्ता ओट्यावर जेवढी उपकरणं आहेत त्यापेक्षा दोन प्लग जास्त काढा आणि मिक्सरचा प्लग गॅसच्या मागे नको.

आता बाथरूम.

फोडल्यावर कळलं ओल कुठून येत होती. २०११ साली एका कॉन्ट्रॅक्टरनं जुन्या टाइल्स न काढता त्याच्यावरच नव्या बसवल्या होत्या, तेव्हा आम्हाला ते स्वस्त आणि झटपट वाटलं. त्यामुळे फरशी वर आली, नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखालचं पाणी जायचं भांडं, जुन्या लेव्हलला राहिला, मध्ये जे अंतर पडलं ते नुसतं सिमेंटनं लिंपलेलं, आणि रोजचं पाणी त्या सांध्यातून फरशीच्या खाली उतरत होतं. वरून टाइल्स चकचकीत, खाली भरावातल्या विटांचे तुकडे ओले गच्च. मिस्त्रींनी त्यातला एक तुकडा माझ्या हातावर ठेवला, दाबला तर बोटांना पाणी लागलं. चौदा वर्षं खालच्या काकूंच्या डोक्यावर हे होतं, आणि त्या बिचाऱ्या दर वेळी आपलं सांगायच्या, बघा हं जरा, वेळ मिळेल तेव्हा. मला फार वाईट वाटलं.

सगळा भराव काढून स्लॅबपर्यंत गेलो. पाइप बदलले, भिंतीतले गरम पाण्याचे सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकचे. वॉटरप्रूफिंगचे दोन कोट, भिंतीवर पण फूटभर वर चढवून, कोपऱ्यात गोलाई देऊन, कारण फरशी आणि भिंत जिथे मिळते तिथेच चीर जाते. मग ट्रॅपचं तोंड बंद करून चार बोटं पाणी भरून ठेवलं. मिस्त्री म्हणाले दोन दिवस, प्लंबर म्हणाला एक रात्र पुरे, मी दोन दिवसच धरले. सकाळ-संध्याकाळ टॉर्च घेऊन काकूंकडे जायचे, त्या आधीच स्टूल काढून तयार असायच्या, मी चढून छताला हात लावून बघायचे. पाण्याच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली होती, ती किती उतरते तेही बघायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी छत कोरडं होतं तेव्हा काकूंनी चहा टाकला. ही टेस्ट टाइल्स बसायच्या आधीच करायची असते, नंतर केली तर बिघाड सापडूनही परत सगळं फोडा. कामगारांना पुढच्या साइटवर जायची घाई असते, ते टाळायला बघतात, तिथे गोड बोलून पण ठाम राहायचं.

उताराचं पण तसंच. मीटरला एक ते सव्वा सेंटिमीटर उतार नहाणीकडे, एवढं साधं आहे, पण टाइल मोठी घेतली की चारही बाजूंनी उतार देणं अवघड जातं. म्हणून भिंतीला मोठ्या टाइल्स आणि जमिनीला फूट बाय फूटच्या, मॅट फिनिशच्या घेतल्या. मॅटमध्ये मळ धरतो असं सगळे म्हणतात, हो, थोडा धरतो, ब्रश जास्त मारावा लागतो, पण घरात सत्तरीची बाई असताना मला चकचकीत जमीन नकोच होती.

शॉवरचं एक सांगायला हवं. नवऱ्याला तो छतातला मोठा चौकोनी शॉवर हवा होता, दुकानात मस्त धो-धो पडत होता. पण दुकानात त्याला पंप लावलेला असतो. आमच्याकडे पाणी गच्चीवरच्या टाकीतून, आणि टाकी शॉवरच्या दहा मीटर वर असेल तेव्हा कुठे एक बार प्रेशर मिळतं. आमच्या शॉवरपासून टाकी जेमतेम सहा मीटर वर, त्यात पाइपची वळणं. म्हणजे अर्ध्या बारच्या आसपास, एवढ्यात तो मोठा शॉवर धो-धो पडणार नाही. साधा हातातला शॉवर घेतला, बादलीचा नळ ठेवला, आणि बादलीशेजारी बसून अंघोळ करता येईल असा ग्रॅनाइटचा छोटा कट्टा भिंतीला काढला, १७ इंच उंचीचा. आई आता त्यावर बसून अंघोळ करतात. कमोडपण थोडा उंच बसवला, आणि शेजारी धरायला स्टीलचा दांडा, तो विटांच्या भिंतीत अँकर बोल्टनं. टॉवेलचा रॉड आधार म्हणून कोणी धरू नये, तो वजनाला केलेलाच नसतो. दरवाजा आत उघडायचा तो बाहेर उघडणारा केला, का ते एका वाक्यात सांगते, आत कोणी पडलं तर आत उघडणारा दरवाजा त्याच माणसाला अडतो आणि बाहेरच्याला शिरता येत नाही.

गीझर विजेचा, १५ लिटरचा, स्वतंत्र १६ अँपिअरच्या पॉइंटवर, आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच. आमचा आधीचा गॅस गीझर बाथरूमच्या आतच होता आणि खिडकी थंडीत बंद असायची. बंद जागेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड होऊ शकतो, त्याला वास नसतो, माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते. आम्ही इतकी वर्षं ते तसं वापरलं याचा विचार केला की अजून अंगावर काटा येतो. तुमच्याकडे असेल तर रिनोव्हेशनची वाट बघू नका, आधी तो बाहेर काढा.

आणि एक काम आम्ही केलं ते भाच्यानं सुचवलेलं. टाइल्स लागायच्या आदल्या दिवशी, भिंतीत पाइप आणि वायरी उघड्या दिसत होत्या तेव्हा प्रत्येक भिंतीचा फोटो काढला, कोपऱ्यातून आडवा आणि जमिनीपासून उभा असा टेप भिंतीला धरून, म्हणजे कुठला पाइप किती इंचांवर ते फोटोत वाचता येईल. त्याच्या प्रिंट काढून मीटरच्या बॉक्सच्या दाराला आतून चिकटवल्यात. मागच्या रविवारी आईंना बेसिनशेजारी आधाराला अजून एक दांडा हवा होता, ड्रिलवाला आला, त्यानं खूण केली ती बरोबर गरम पाण्याच्या पाइपवर. आईच म्हणाल्या, थांब, आधी फोटो बघ. चार इंच डावीकडे सरकवून भोक पाडलं.