आजोबांच्या हाताखाली

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. 'एवढ्या लहान पोरांना मरणाचे सिनेमे कशाला दाखवता?' हे मला आत्यानं विचारलंय, शाळेच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या पालकांनी विचारलंय, सासूबाईंनी तर दर सुट्टीत. आजवर मी काहीतरी पुटपुटून विषय बदलत आलो.

आधी माझी बाजू. माझ्या आजीनं मला चिलया बाळाची गोष्ट सांगितली तेव्हा मी पाच वर्षांचाही नव्हतो. आई स्वतःच्या लेकराचं डोकं उखळात कांडते, ती गोष्ट. श्रावणबाळाला बाण लागतो तेव्हा मी दर वेळी रडायचो, आणि आजीला कुणी जाब विचारला नाही. मग 'बॅम्बी'तल्या हरणाच्या आईवर एवढा राग का? १९४२ च्या त्या सिनेमात तिला मरताना दाखवतही नाहीत, नुसता बंदुकीचा आवाज येतो.

हा युक्तिवाद मी अनेकदा केलाय आणि त्यातली फट मला दिसते. आजी माझं तोंड बघत गोष्ट सांगायची. ओठ थरथरले की शंकर लवकर प्रसन्न व्हायचा. पडदा थांबत नाही.

म्हणून मी रिमोट हातात घेऊन बसायचो. 'फाइंडिंग नीमो'ची सुरुवात मी मुलीला दाखवलीच नव्हती. बाराकुडा येतो, आई जाते, शेकडो अंड्यांतलं एकच उरतं, एवढं सगळं पुढे ढकललं. मग ती सिनेमाभर विचारत राहिली, 'नीमोचे बाबा सारखे का ओरडतात? त्याला शाळेत का जाऊ देत नाहीत?' तिच्या लेखी तो बाप उगीचच वाईट होता. त्याच्या भीतीचं कारण मी कापून टाकलं होतं.

'द लायन किंग'मध्ये मात्र ती जागा टाळता आली नाही. १९९४ चा, जुना, इंग्रजी. तिला इंग्रजी कळत नव्हतं, मी शेजारी बसून मराठीतून सांगत होतो. दरीत विल्डबीस्ट हरणांचा लोंढा येऊन गेला, धूळ खाली बसली. छाव्यानं बापाला ढोसलं, कान ओढला आणि शेवटी त्याच्या पंजाखाली शिरून निजला. ती म्हणाली, 'बाबा, तो उठत का नाही?' मी म्हणालो, 'दमलाय. छोटू जवळ झोपला ना, आता उठेल.' पुढे तो ढगात दिसतो तेव्हा मीच तिला हलवून म्हणालो, 'बघ, उठला की नाही!'

ती साडेचार वर्षांची होती. त्यानंतर दोन महिन्यांनी माझे वडील गेले, घरीच, पहाटे. धाकटा भाऊ बंगळूरहून निघाला होता. त्यांना हॉलमध्ये जमिनीवर ठेवलं होतं, उशाशी दिवा, ओठांवर तुळशीचं पान. मुलीला शेजारच्या काकूंकडे पाठवलं होतं. ती कधी परत आली, कुणी पाहिलं नाही. मी फोनवर होतो. वळून बघतो तर तिनं चादरीखालून आजोबांचा हात बाहेर काढला होता, दोन्ही हातांनी उचलून धरला होता, आणि त्याखाली शिरून ती कुशीवर निजली होती, डोळे घट्ट मिटून.

आत्या किंचाळली. कुणीतरी तिला ओढून काढलं. ती लाथा झाडत ओरडत होती, 'मला झोपू दे! मी झोपले की ते उठतात! बाबांनी सांगितलंय!'

नातेवाइकांनी दोष सिनेमाला दिला आणि मी देऊ दिला. तीन वर्षं तुम्ही सगळे मला हाच प्रश्न विचारताय, आणि मी सिनेमाची वकिली करत आलोय. सिनेमानं तिला खरं तेच दाखवलं होतं. खोटं मी बोललो होतो, तेही तिच्यासाठी नाही. बाप मरतो हे वाक्य मला तोंडातून काढता येत नव्हतं. वडिलांचं दुखणं तेव्हा सुरू झालेलं होतं.

तेव्हापासून आमच्या घरात काहीही पुढे ढकललं जात नाही. हे बरोबरच आहे, असं मी छातीठोकपणे म्हणत होतो. मग मागच्या रविवारी धाकट्यानं तोच सिनेमा पाहिला. तो चार वर्षांचा आहे. ती दरी आली तेव्हा मोठीनं त्याला सरळ सांगितलं, 'तो मेला. आता उठणार नाही.' धाकटा माझ्याकडे वळला. 'खरंच, बाबा?'

मी हो म्हणालो.

त्या रात्रीपासून तो माझा शर्ट मुठीत धरून झोपतो. मी कूस बदलली की दचकून उठतो आणि नाकाखाली हात धरून माझा श्वास बघतो. बायकोनं काल विचारलं, एवढं खरं त्याला आत्ताच सांगायला हवं होतं का? मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही.