तुम्ही विचारलंत म्हणून: दुसरी आवृत्ती का नाही

चाळीसगावजवळचे पाटणादेवीचे मंदिर ते पितळखोऱ्याची लेणी या परिसरातील पायवाटांची माझी सचित्र पुस्तिका संपून बरीच वर्षे झाली, आणि चाळीसगावच्या स्टँडवर असो की कुणाच्या लग्नात, भेटणारा एकच विचारतो, “सर, दुसरी आवृत्ती कधी काढताय?” वेळ नाही, डोळे साथ देत नाहीत, छपाई परवडत नाही, अशी उत्तरे मी आजवर दिली. त्यांतले एकही पूर्ण खरे नव्हते.

काही जण आपुलकीने मला आल्फ्रेड वेनराइटचा दाखला देतात. केंडल येथे नगरपालिकेच्या खजिनदाराची नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी बसने डोंगराच्या पायथ्याशी जाऊन, त्या माणसाने इंग्लंडमधील लेक डिस्ट्रिक्टच्या २१४ शिखरांच्या सात मार्गदर्शिका १९५५ ते १९६६ या काळात प्रसिद्ध केल्या; त्यांतला मजकूरही छापखान्याचे खिळे न वापरता स्वतःच्या अक्षरात लिहिला. सुधारित आवृत्त्या त्याने स्वतः काढल्या नाहीत. त्याच्या मृत्यूनंतर, २००५ पासून, दुसऱ्याने काढल्या. “त्यानेही कुठे काढली?” असे म्हणून मीही सुटका करून घेतली आहे. परंतु त्याच्या मार्गदर्शिका त्याच्या स्वतःच्या पायपिटीवर उभ्या होत्या, आणि माझ्या नकाशातला एक तुकडा मी चाललोच नव्हतो.

तो तुकडा कागदावर जेमतेम अर्ध्या बोटाएवढा आहे. मंदिरामागच्या डोंगराच्या सोंडेवरून नाळेत, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद घळीत, उतरणारी वाट एका गुराख्याने मला वरूनच दाखवली होती. “तिकडून गुरं उतरतात,” एवढेच तो म्हणाला. चैत्रातले ऊन होते, पाणी संपले होते, मी परत फिरलो. घरी रेखाटताना ती सोंड अधांतरी राहिलेली मला पाहवेना, म्हणून बारीक निबने मी तिथे सतरा ठिपके दिले. चाललेल्या वाटेचे ठिपके आणि ऐकलेल्या वाटेचे ठिपके मी सारखेच काढले.

श्रावणात धुळ्याकडचा एक विद्यार्थी त्या ठिपक्यांवरून उतरला, निसरड्या कातळावरून घसरला आणि पाय दोन ठिकाणी मोडून रात्रभर पावसात पडून राहिला. सकाळी गुराख्यांनी त्याला घोंगडीच्या झोळीतून खाली आणले. महिनाभराने त्याचे वडील माझ्या घरी आले. ते ओरडले असते तर मला सोपे गेले असते. त्यांनी भिजून फुगलेली पुस्तिका पिशवीतून काढली, ते पान उघडले, ठिपक्यांवर बोट ठेवले आणि विचारले, “सर, इथून तुम्ही स्वतः गेला होतात ना?”

मी “हो” म्हणालो.

त्यांनी मान हलवली, “मग पोराचंच चुकलं,” असे म्हणाले, बायकोने ठेवलेला चहा पूर्ण प्यायले आणि माझ्या डायरीत आपला पत्ता लिहून गेले, “धुळ्याला आलात तर या” म्हणून.

पावसाळ्यात स्थानिक वाटाड्या घ्यावा, असे मी पहिल्याच पानावर छापले होते, आणि ते मी आजही सांगेन. गुराख्यानेही खोटे सांगितले नव्हते. गुरे तिकडून खरोखर उतरत होती, फक्त आणखी शंभरेक पावले पुढून. हे मला पुढच्या कार्तिकात स्वतः तिथे उभे राहिल्यावर दिसले. माझे ठिपके गेले होते तिथे दोन पुरुष उंचीचा उभा कातळ होता.

“अरे, अंदाज हा कुठल्याही नकाशात असतोच,” असे त्या वेळचा मी आजच्या मला सांगतो, आणि त्याला पुरते खोडून काढणे मला अजून जमलेले नाही. अंदाजाबद्दल मी कदाचित स्वतःला माफही करीन. त्या “हो”चे काय करावे, ते कळत नाही.

दुरुस्त केलेले पान तयार आहे. त्यावर ते सतरा ठिपके नाहीत, वाट सोंडेवरच संपते. ते छापले की धुळ्याच्या त्या घरी मी काय म्हणालो होतो ते उघड होईल, म्हणून आधी पत्र लिहायचे असे मी ठरवले आहे. पत्ता डायरीत आहे. पत्र अजून लिहिलेले नाही.