देगलूरचा मुरूम आणि पालकाची राख : कुंड्यांची हिवाळी नोंद

मंडळी, मातीतली किरणोत्सारी द्रव्यं भाजीत किती उतरतात, हे कुंड्यांत मोजणं चालू आहे. हिवाळ्याची भाजी निघाली, वाळली, तिची राख झाली आणि डबे बंद झाले.

मांडणी आधीचीच. एका रांगेत नांदेडची काळी माती, दुसरीत देगलूरकडचा ग्रॅनाइटचा मुरूम, शेणखत दोन्हींत सारखं. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्टवर आहे आणि त्यात युरेनियम-थोरियम कमी. देगलूर-बिलोलीकडे जुना ग्रॅनाइट उघडा पडतो, तिथं काउंट, म्हणजे डिटेक्टरनं टिपलेल्या किरणांची संख्या, लगेच चढतात. 2615 केईव्हीची (केईव्ही म्हणजे किरणांच्या ऊर्जेचं एकक) थोरियम मालिकेतली, म्हणजे थोरियमपासून क्रमानं बनणाऱ्या द्रव्यांपैकी एकाची, रेषा मुरुमात ठसठशीत आहे, काळ्या मातीत जेमतेम.

आणि पालकाच्या राखेत? दोन्हीकडे 1461 केईव्हीला पोटॅशियम-40 चं (पोटॅशियमचा किरणोत्सारी प्रकार) सुंदर शिखर, बाकी सगळं पार्श्वभूमीत, म्हणजे आसपासच्या नेहमीच्या किरणांत, बुडालेलं. मला हे फार मोलाचं वाटतं. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये सुमारे 31 बेकरेल (सेकंदाला तितके अणू फुटतात) असतात, म्हणजे 100 ग्रॅम ताज्या पालकात साधारण 15. ही किरणं प्रत्येक घरच्या भाजीत असतात, आणि पोटॅशियमची पातळी आपलं शरीर स्वतः सांभाळतं, त्यामुळे ते साठत जात नाही.

मातीत आहे ते सगळं भाजीत येत नाही. मूळ ओळखीनं आत घेतं. पोटॅशियम त्याला हवंच असतं. रेडियम कॅल्शियमसारखं वागतं, म्हणून त्याच वाटेनं शिरतं आणि पानांत जमतं. थोरियम मातीच्या कणांना इतकं घट्ट चिकटतं की पाण्यात उतरतच नाही. युरेनियम मुळापर्यंत येतं आणि बहुतांशी तिथंच अडकतं. देठ-पानांत थोडं, फळात आणि दाण्यात त्याहून कमी.

इथं आपल्या काळ्या मातीची एक गंमत आहे. तिच्यात युरेनियम थोडं, पण चुनखडीमुळे ती अल्कधर्मी. अशा मातीत युरेनियम कार्बोनेटशी जोडी करून विरघळतं आणि मुळाला सहज मिळतं. म्हणून नुसता मातीचा आकडा पाहून भाजीचा अंदाज बांधू नका. भाजीतले बेकरेल भागिले मातीतले बेकरेल, दोन्ही कोरड्या वजनाच्या किलोमागे, हे गुणोत्तर काढा. थोरियमसाठी ते अगदी लहान येतं.

खाणीचा गाळ किंवा फॉस्फेट कारखान्याचा जिप्सम पडलेली जमीन असेल, तर आधी पालेभाज्या आणि कंदमुळं प्रयोगशाळेत तपासून घ्या, वांगी-टोमॅटो नंतर. आपले छंदाचे डिटेक्टर अशा निर्णयाला पुरत नाहीत. मेथी-शेपू भरपूर पाण्यात धुवा, कंद सोला. पानावरचा धुरळा धुतला नाही तर मापात माती येते आणि दोष मुळाला लागतो.

मुळ्याची साल आणि गर वेगवेगळे जाळले आहेत. रेडियमपासून रेडॉन वायू बनतो आणि त्यातून पुढे बिस्मथ-214. रेडॉनचं अर्धायुष्य 3.8 दिवस, म्हणून तो निसटू नये आणि पुरेसा साठावा यासाठी डबे हवाबंद करून तीन-चार आठवडे ठेवले आहेत; मग 609 केईव्हीची बिस्मथ-214 ची रेषा शोधेन. शिवाय मोहरीच्या दोन कुंड्या पेरल्या आहेत. सायट्रिक आम्ल मातीत दिलं की मोहरीच्या पाल्यात युरेनियम कितीतरी पटींनी जास्त चढतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. आपल्या मुरुमात तेवढं युरेनियम आहे का, ते बघू. कुणाकडे डिटेक्टरभोवती लावायला शिशाची जाड खोळ असेल तर कळवा, पार्श्वभूमी अजून खाली आणायची आहे.