ट्रान्सप्लांटआधी भावाचं रक्त नको

ब्लड कॅन्सर म्हटलं की सोलापुरात पहिली धावपळ रक्ताची, आणि सख्खा भाऊच बाही वर करून पुढे येतो. त्याला थांबवा. उद्या ट्रान्सप्लांटसाठी स्टेमसेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) कदाचित त्याच्याच लागतील; आज त्याचं रक्त चढवलं तर रुग्णाच्या शरीरात त्याच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ शकतात आणि पुढे त्या पेशी रुजत नाहीत. रक्तपेढीकडे बाहेरच्या दात्याचं, ल्युकोफिल्टर केलेलं (पांढऱ्या पेशी गाळलेलं) आणि इरॅडिएटेड (किरणांचा मारा केलेलं) रक्त मागा. नुसता फिल्टर पुरत नाही. उरलेल्या लिम्फोसाइट्स (दात्याच्या पांढऱ्या पेशी) रुग्णावरच उलटू शकतात.

एचएलए चाचणी (दाता रुग्णाशी जुळतो का ते पाहणारी) आधी सख्ख्या भावंडांची. प्रत्येकाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. आई-वडील, मुलं निम्मी जुळतात, आता तेही चालतं.

दात्याचं हाड कापत नाहीत (ही भीती घरोघरी आहे!). जी-सीएसएफची (स्टेमसेल रक्तात आणणाऱ्या औषधाची) इंजेक्शनं ४-५ दिवस, त्यानं अंग ठणकतं. मग मशीनवर ४-६ तास, रक्तातून स्टेमसेल वेगळ्या काढतात. रुग्णाच्या वजनाच्या किलोमागे किमान २० लाख सीडी३४ पेशी (म्हणजे स्टेमसेल) हव्यात.

ट्रान्सप्लांटनंतर रुग्ण घरी परतल्यावर शेंगाचटणी काही महिने बंद. जुन्या शेंगदाण्यात अ‍ॅस्परजिलस बुरशी असू शकते. कूलरही नको, साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात.