ब्राझीलमधली शकुंतला

दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर या पट्ट्यातलं पोट्टं शिकायला ब्राझीलला गेलं आणि यजमान घर मिनास जेराइस राज्यात मिळालं, तर पहिल्याच सुटीत त्या घरच्यांना 'साओ जोआओ देल रेईला चला' म्हणावं. तिथून तिरादेंतेसपर्यंत 12 किलोमीटर वाफेच्या इंजिनाची गाडी धावते. लाइन 1881 ची. दोन रुळांतलं अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरच्या छोट्या गाडीचं, शकुंतलेचंही तेवढंच. शकुंतलेचं वाफेचं इंजिन 1994 मध्ये गेलं, पुढे गाडीच बंद पडली. त्यांनी मात्र छोटासा तुकडा का होईना, चालू ठेवला, याचा मला हेवा वाटतो.

गाडी रोज नसते. शनिवार-रविवार धरूनच बेत करा, तिकीट आधी काढा. तिरादेंतेसला उतरल्यावर लगेच गावात पळू नका. परतीसाठी इंजिन फिरत्या चकतीवर वळवतात, ते बघा.

ओरो प्रेतो हे खरं सोन्याचं गाव, राज्याची राजधानी बेलो होरिझोंतेपासून सुमारे 100 किलोमीटर. सोन्याचा पाचवा हिस्सा पोर्तुगालच्या राजाचा. त्या करावरूनच पोर्तुगीज सत्तेविरुद्ध 1789 चा कट शिजला आणि 21 एप्रिल 1792 ला त्या कटातल्या तिरादेंतेस नावाच्या माणसाला फाशी झाली. गाडी जाते त्या गावाचं नाव त्याच्यावरून. ती तारीख राष्ट्रीय सुटीची, तेव्हा गर्दी असते. चर्चमधला सोन्याचा मुलामा बघितला की एखाद्या जुन्या खाणीतही वाकून शिराच. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी ते सोनं कुठून उपसलं, ते तिथेच कळतं.

बहुतेक चर्च सोमवारी बंद, दुपारी जेवणाच्या वेळीही बऱ्याच ठिकाणी कुलूप. विद्यार्थी ओळखपत्र जवळ ठेवा, तिकीट अर्धं लागतं. रस्ते गोट्यांचे आणि चढ उभे. ऑक्टोबर ते मार्च पावसात फार निसरडे. रबरी तळाचे बूट घाला, चप्पल नको.

शाकाहारी असाल तर निघण्याआधीच घरच्या काकूंना सांगा. फेजाओ त्रोपेइरो दिसायला नुसती घेवड्याची उसळ आणि पीठ, पण त्यात डुकराचं मांस असतं. पाओ दे केजो, म्हणजे चीजचे छोटे पाव, बिनधास्त खा. मांस खात असाल तर भेंडी घातलेली कोंबडी मागा. आपल्याकडे कुणाला सुचली नाही याचं नवल वाटेल.

ओरो प्रेतोच्या सेंट फ्रान्सिस चर्चसमोर संगजिऱ्याची (मऊ दगडाची) भांडी मिळतात. घेतलंत तर वापरण्याआधी आतून-बाहेरून तेल चोळून, पाणी भरून मंद आचेवर हळूहळू तापवा आणि तसंच थंड होऊ द्या. एकदम जाळावर ठेवलं तर तडकतं. भांडं जड असतं, विमानाच्या सामानाचं वजन आधी बघा.